कूलर आणि चार बोटं उघडं दार

नमस्कार श्रोतेहो.

अकोला, नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ. या पट्ट्यात एप्रिल उजाडला की कूलर दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात एकच तक्रार ऐकू येते. "कूलर चालतो, पाणीही पडतं, पण खोलीत नुसती चिपचिप होते." मग मोटर बदला, पंप बदला, नव्या ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेले ते ओले राहणारे पडदे, बसवा, असा खर्च सुरू होतो. यातल्या बऱ्याच कूलरना काहीही झालेलं नसतं. झालेलं असतं ते एवढंच, की घरच्यांनी "गारवा बाहेर जातो" म्हणून दारं-खिडक्या लावून घेतलेल्या असतात.

एसीची सवय कूलरला लावली की हे होतं. एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा ओढून थंड करतो, म्हणून त्याला बंद खोली लागते. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून ओढतो. ताटीतल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता त्या हवेतूनच जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता खेचली जाते. आत आलेली हवा गार असते, पण ओलीही असते. तिला बाहेर जायला वाट नसेल तर ओल साठत जाते आणि अर्ध्या-पाऊण तासात अंगावरचा घाम वाळणं थांबतं. त्यात कूलर खोलीच्या आतच ठेवला असेल, तर तो तीच ओली हवा पुन्हा ताटीतून ओढतो. ओल्या हवेत आणखी पाणी मावणार किती?

म्हणून वाट किती ठेवायची, ते नीट ऐका. खोली 12 बाय 12 ची, उंची 10 फूट. म्हणजे 1440 घनफूट हवा. दर दोन मिनिटांनी ही सगळी हवा बदलली पाहिजे, म्हणजे मिनिटाला 720 घनफूट, तासाला साधारण 1200 घनमीटर. एवढी हवा सहज निघून जायला दोन चौरस फुटांची फट लागते. सात फुटी दार चार बोटं उघडं ठेवलं की तेवढी फट मिळते. हे दार किंवा खिडकी कूलरच्या समोरच्या बाजूला हवी. कूलरशेजारचीच खिडकी उघडली तर गार हवा दोन हातांवर वळून निघून जाईल आणि पलंगावरचा माणूस तापतच राहील. ज्या खोलीत झोपायचं, तिचंच पलीकडचं दार किलकिलं ठेवा. स्वयंपाकघरातून हवा बाहेर काढली तर उत्तमच, चुलीची धगही तिच्याबरोबर जाते.

फट पुरेशी आहे का, हे बघायला उदबत्ती पुरते. पेटवलेली उदबत्ती फटीपाशी धरा. धूर ठामपणे बाहेर ओढला गेला पाहिजे. धूर घुटमळत असेल तर फट अडलेली आहे किंवा कूलर कमी पडतोय. दार आपटायला लागलं, कूलरचा आवाज भरल्यासारखा येऊ लागला, तर फट वाढवा. आणखी एक गोष्ट. कूलरच्या खोक्यावर छापलेला हवेचा आकडा समोर काही अडथळा नसतानाचा असतो. आपल्या हिशेबाने 1200 लागत असेल तर 1800 ते 2000 चा घ्या. दुकानदार 3000 चा गळ्यात मारत असेल तर आपली खोली आणि आपलं दार आठवा.

आता कूलरने गारवा किती येईल? हे कूलरच्या कंपनीपेक्षा हवेतल्या कोरडेपणावर ठरतं, आणि ते घरीच मोजता येतं. दोन साधे तापमापक घ्या. एकाच्या टोकाला सुती कापडाची चिंधी गुंडाळून पाण्यात भिजवा, दुसरा कोरडा ठेवा. दोन्ही बाहेर सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात पाच-सात मिनिटं ठेवा. कोरड्याने 45 दाखवले आणि हवेत ओल 15 टक्के असेल, तर ओला 24 च्या आसपास थांबतो. फरक 21 अंशांचा. चांगल्या ताट्यांचा कूलर या फरकाचा तीन चतुर्थांश भाग मिळवून देतो, म्हणजे 45 ची हवा 29 वर येते. हाच प्रयोग मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत करा. हवा 34 अंश, ओल 65 टक्के, तर ओला तापमापक 28 च्या पुढेच राहतो. पदरात पडतात चार अंश, आणि वर ओल फुकट. म्हणून किनारपट्टीवर कूलर विकत घेऊ नये, कोणी भेट दिला तरी विचार करावा. तिथे समोरासमोरच्या खिडक्या, पंखा, आणि परवडत असेल तर एसी. तोही 18 वर लावून गोधडी ओढण्यापेक्षा 25-26 वर लावून वर पंखा हळू ठेवलेला बरा. 2020 पासून आपल्याकडे विकले जाणारे एसी सुरू होताना 24 वरच सुरू होतील असा नियम आहे, तो उगाच नाही.

तापमापक सावलीत म्हटलं, त्याकडे दुर्लक्ष नको. उन्हात ठेवलेला तापमापक हवेचं नाही, स्वतःचंच तापमान सांगतो. आणि उपकरणही चुकतं. 2024 च्या मे अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि देशभर गवगवा झाला. हवामान खात्याने तपासणी केल्यावर तो सेन्सरचा दोष निघाला.

आता ताट्यांकडे येऊ, कारण दाराखालोखाल घोटाळा इथेच असतो. गवताच्या ताट्या, म्हणजे लाकूड तासून काढलेल्या त्या बारीक कुरळ्या पट्ट्या, एका उन्हाळ्यापुरत्या. दर वर्षी नवीन भराव्या. वाळ्याच्या ताटीला सुगंध येतो, पण ती विरळ बांधलेली असेल तर हवा मधूनच निसटते. कागदी हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेलं पॅड, महाग असतं, पण जपलं तर तीन-चार उन्हाळे जातं. गवत भरताना दोन चुका होतात. कोंबून भरलं तर हवा अडते, मोटर तापते. विरळ भरलं तर आठवड्याभरात ओलं गवत स्वतःच्या वजनाने खाली बसतं आणि वरच्या बाजूला बोटभर उघडी जागा पडते. ती उघडी जागा म्हणजे घरात सरळ लू, म्हणजे बाहेरची तापलेली झळ, घ्यायची खिडकीच. ताटी भरल्यावर उजेडासमोर उभी धरा. उजेड सगळीकडे सारखा, मंद झिरपला पाहिजे. कुठे ठळक भोकं दिसली तर तिथे बोटभर गवत खोचा, आणि जाळी तारेने दोन-तीन ठिकाणी आवळून घ्या.

पाणी पडतंय, एवढं पाहून समाधान मानू नका. कूलर दहा मिनिटं चालू द्या, मग बंद करून प्लग काढा आणि तिन्ही ताट्यांवर बाहेरून हात फिरवा. कुठे तरी उभा कोरडा पट्टा हाताला लागतोच. वरच्या पन्हळीची भोकं क्षाराने बुजलेली असतात, किंवा कूलर एका बाजूला कललेला असतो आणि पाणी तिकडेच धावतं. ताटीचा पाचवा हिस्सा कोरडा असेल तर काय होईल, बघा. चार हिस्से हवा 29 अंशांची, एक हिस्सा 45 ची. मिसळून झाली 32. तीन अंश गेले! प्रत्यक्षात आणखी जातात, कारण कोरड्या, सैल जागेतून हवा जास्तच ओढली जाते. भोकं सुईने मोकळी करा, कूलरच्या पायाखाली लाकडाची पट्टी सारून पाणसळ सरळ करा. खर्च शून्य.

क्षाराचा विषय विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांसाठी जास्त महत्त्वाचा. वर सांगितलेल्या खोलीचा कूलर कडक उन्हात तासाला आठ-नऊ लिटर पाणी पितो. आठ तासांचे सत्तर लिटर. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. क्षार टाकीतच राहतो. लिटरमागे 800 मिलिग्रॅम क्षार असेल तर एका दिवसात 56 ग्रॅम, म्हणजे मूठभर पांढरी पूड टाकीत आणि ताटीत जमा. नुसतं वरून पाणी ओतत राहिलात तर पंधरा दिवसांत टाकीतलं पाणी समुद्राच्या वाटेला लागतं. म्हणून दोन-तीन दिवसांनी टाकी बुडापासून रिकामी करायची. ते पाणी झाडांना घालू नका, अंगण धुवायला वापरा. हनीकोंबवर पांढरा थर दिसला तर 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम लिंबूसत्त्व घालून ते पाणी पंपाने अर्धा तास फिरवा, पंखा मात्र बंद ठेवा, आणि नंतर दोनदा साध्या पाण्याने खळबळून काढा. तारेच्या ब्रशने घासायला जाऊ नका, कागद फाटतो.

बर्फाचं तर काही विचारू नका. पाच किलो बर्फ टाकीत टाकला की पहिली काही मिनिटं झुळूक गार येते आणि सगळे खूश. पण पाच किलो बर्फ वितळून ताटीच्या पाण्याइतका कोमट होईपर्यंत जेवढी उष्णता शोषतो, त्याहून जास्त उष्णता एक लिटर पाण्याची वाफ होताना जाते. कूलर एक लिटर पाणी सहा-सात मिनिटांत उडवतो. म्हणजे बर्फाच्या त्या लादीची किंमत सहा मिनिटं. बर्फ सरबतात घाला.

सुरू करतानाचा क्रमही चुकतो. आधी पंप, मग पाच ते दहा मिनिटांनी पंखा. ताटी पूर्ण भिजण्याआधी पंखा लावला तर धूळ आणि लू दोन्ही आत येतात. पहाटे बंद करताना उलट: आधी पंप बंद, पंखा आणखी पंधरा-वीस मिनिटं. ताटी वाळते, म्हणून कुबट वास धरत नाही. ज्या कूलरला मासळीसारखा वास येतो, तिथे हा क्रम पाळला जात नसतो, अत्तराच्या गोळ्या टाकून तो जाणार नाही.

विजेबद्दल थोडं, पण जीव लावून ऐका. लोखंडी कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय आणि पाण्यात बुडालेला पंप. पंपाच्या वायरचं आवरण टाकीत कुठे तरी चिरलं की सगळा सांगाडा जिवंत होतो. विदर्भात दर उन्हाळ्यात अशी माणसं जातात, बहुतेकदा पाणी भरताना. तीन पिनांचा प्लग आणि खरी अर्थिंग, नुसती तिसरी पिन लावलेली नव्हे. घराच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच (आरसीसीबी) बसवून घ्या. गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. आणि पाणी भरताना, ताटी काढताना, टाकीत हात घालताना बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढायचा. बटण चुकून न्यूट्रलच्या तारेवर लावलेलं असेल तर बंद बटणानंतरही आत वीज असते.

मोटर नुसती घूं करते, पातं हाताने ढकललं की फिरायला लागतं, असं झालं तर घाबरू नका. प्लग काढून पातं हाताने फिरवून पाहा. सहज फिरत असेल तर मोटर जळालेली नाही, कंडेन्सर कमजोर झालाय. जुन्यावर जो मायक्रोफॅरडचा आकडा छापलाय, तोच आकडा नव्यावर हवा. जास्त आकड्याचा लावला की जोरात फिरेल, हा समज मोटर जाळतो. आणि पातं हाताला जड लागत असेल तर बुश, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी, कोरडं झालंय, तिथे तेलाचे चार थेंब पुरतात. पंप गेला तर मात्र बहुतेकदा कोरडा चालल्यामुळेच गेलेला असतो. टाकीत पंप बुडेल इतकं पाणी कायम हवं.

कूलर नसलेल्या घरात, किंवा भारनियमनात, हेच तंत्र अंगावर चालतं. हवा 40 च्या वर गेली की कोरड्या अंगावर पंख्याचा वारा उलट तापवतो. मान, हात, पाय ओल्या फडक्याने पुसा आणि मग वारा घ्या. ऊन लागून कोणी बरळू लागलं, अंग भट्टीसारखं तापलं तर 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन अंगभर पाणी शिंपडत वारा घाला. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. शुद्धीवर असलेल्या थकलेल्या माणसाला एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट.

नवतपा सरतो, मृगाचा पहिला सडा पडतो आणि एका दिवसात कूलर निकामी होतो. बिघडत नाही, फक्त हवा ओली होते. ओल्या आणि कोरड्या तापमापकातला फरक पाच-सहा अंशांवर आला की समजा, यंदाचं काम झालं. त्या दिवशी नुसतं पाणी काढून टाकी तशीच ठेवू नका. डेंग्यूचा डास टाकीच्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेलगत अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पुढच्या वर्षी पाणी भरलं की उबतात. उन्हाळाभर आठवड्यातून एकदा भिंती काथ्याने घासायच्याच असतात. ही शेवटची घासणी मात्र कानाकोपऱ्यातून, ती पाण्याची पिवळी रेघ पूर्ण जाईपर्यंत. मग गवत काढून फेका, पंप वेगळा वाळवा, पन्हळ फुंकून पाहा, आणि टाकीच्या बुडाचं बूच काढून कूलर पालथा घाला.