साल आणि फूल

[समुद्राकडून बागेत शिरणारा कॅमेरा]

हा आयोनियन समुद्र. इटलीचं पार दक्षिण टोक, रेज्जो कालाब्रियाचा किनारा. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचं जगातलं बहुतेक तेल याच चिंचोळ्या पट्ट्यातून निघतं. लिंबूवर्गीय ताजेपणा सांगणाऱ्या परफ्यूमचा पहिला दरवळ अनेकदा इथलाच असतो.

[फळं तोडणारे हात, जवळून]

तोड नोव्हेंबरला सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. सुरुवातीची फळं अशी हिरवीगार असतात. त्यांच्या तेलाला तरतरीत, हिरवट वास येतो, म्हणून ती आधी तोडायची. फळ मात्र चाखायच्या भानगडीत पडू नका, आंबट आणि वर कडू! सगळी किंमत सालीची.

[कारखाना. यंत्राचा आवाज काही क्षण तसाच राहू द्यावा.]

यंत्राच्या आत साल खरवडली जातेय. सालीतल्या बारीक पिशव्या फुटतात, तेल पाण्याच्या फवाऱ्याबरोबर खाली येतं आणि मग गरगर फिरवून पाण्यापासून वेगळं केलं जातं. उष्णता कुठेच नाही, कारण तापवलं की वास बिघडतो. पूर्वी हेच काम हातानं चालायचं. फळ अर्धं कापायचं, गर कोरून काढायचा आणि साल स्पंजवर दाबायची. स्पंज भिजला की भांड्यात पिळायचा. १८४४ मध्ये निकोला बारिल्ला यांनी यासाठी यंत्र बनवलं आणि स्पंज हळूहळू मागे पडला. एक किलो तेलासाठी साधारण दोनशे किलो फळं लागतात. आता हा ढीग पुन्हा बघा.

या तेलातलं बर्गॅप्टेन नावाचं द्रव्य त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजते. म्हणून ते काढून टाकतात किंवा तेलाची मात्रा मर्यादित ठेवतात.

[कोलोन शहर, जुनी बाटली]

इटलीहून आलेल्या योहान मारिया फारिनानं हा वास जर्मनीतल्या कोलोन शहरात नेला. तिथे फारिनांची पेढी १७०९ ची. आपल्या अत्तरानं इटलीतल्या वसंतातली, पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ आठवते, असं त्यानं आदल्या वर्षी भावाला कळवलं होतं. ‘कोलोन’ म्हणून ओळखलं जाणारं हे अत्तर पुरुषही लावत आणि स्त्रियाही. १९९४ मध्ये सीके वन हा परफ्यूम आला तेव्हा ‘दोघांसाठी एकच बाटली’ ही केवढी नवलाई ठरली! नवलाई कसली, दुकानांनी मध्ये घातलेली भिंत तेवढी जरा हलली.

[ट्युनिशिया, नाबल. झाडाखाली अंथरलेली कापडं]

आता समुद्र ओलांडून दक्षिणेला. कडू संत्र्याचं हे झाड मार्च-एप्रिलमध्ये फुलतं. फुलं हातानं खुडायची, खाली कापडावर पाडायची आणि लगेच भट्टीवर न्यायची. रेंगाळलात तर वास उतरतो.

[भट्टी, वाफ, नळीतून टपकणारं पाणी]

वाफ फुलांमधून जाते, नळीत थंड होते, थेंब थेंब खाली पडते. पाण्यावर तरंगणारा हा पातळ थर म्हणजे नेरोली. खालचं पाणीही वाया जात नाही. ते फुलांचं पाणी म्हणून घराघरांत वापरलं जातं. एक टन फुलांमागे जेमतेम किलोभर नेरोली हाती येतं.

[परफ्यूमरचं टेबल, कागदी पट्ट्या]

लिंबूवर्गीय वास चटकन उडतो, त्याला मागून आधार लागतो. बर्गमॉट आणि नेरोली, दोघांतही लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट हे सुवासिक घटक असतात. त्यामुळे साल कुठे संपली आणि फूल कुठे सुरू झालं, ते नाकाला सहज कळत नाही. तळाशी थोडा मस्क, म्हणजे कस्तुरीसारखा वास, घातला की वास त्वचेवर टिकतो.

लिनालूल कारखान्यातही बनतं, स्वस्तात. त्याचा फटका बागाईतदाराला मिळणाऱ्या दराला बसतो.

[कालाब्रिया. वजनकाटा, क्रेट उतरवणारी माणसं]

मालाची पुढची गाडी आली. काट्यावर चढण्याआधी बागाईतदार वरच्या क्रेटमधलं एक फळ उचलतो, सालीला नख लावतो आणि नाकाशी धरतो.