मुकं बटण

नमस्कार श्रोतेहो. डिजिटल तंत्रज्ञानाने समाज बदलला, असं आपण येता-जाता म्हणतो. हा बदल सर्वात खोलवर कुठे पोचला असं मला विचाराल, तर मी अंध व्यक्तींच्या आयुष्याकडे बोट दाखवेन.

आलेलं पत्र वाचायला पूर्वी त्यांना दुसऱ्याचे डोळे लागत. पत्र प्रेमाचं असो, बँकेचं असो की आजाराच्या तपासणीचा अहवाल, आधी तो वाचणाऱ्याला कळणार, मग ज्याचं त्याला. आज फोनमधला स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतो. पूर्वी त्यासाठी वेगळं, महागडं सॉफ्टवेअर घ्यावं लागे. २००९ साली आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ हा स्क्रीन रीडर आला आणि ही सोय फोनसोबतच मिळू लागली. कानाला इअरफोन लावला की ते पत्र तुमचं एकट्याचं. सरावलेली माणसं तो आवाज इतक्या वेगाने ऐकतात, की शेजारच्याला त्यातला एक शब्द उमगू नये. स्वतःचं गुपित स्वतःपाशी ठेवता येणं, ही मला या सगळ्यातली सर्वात मोठी कमाई वाटते.

पण हीच वाट अडतेही, आणि अगदी लहानशा गोष्टीपाशी. स्क्रीन रीडर बटणाला आतून दिलेलं नाव वाचतो. बनवणाऱ्याने ते दिलंच नसेल, तर कानावर येतं, ‘बटण... बटण... बटण’. यातलं पैसे पाठवायचं कोणतं आणि व्यवहार रद्द करायचं कोणतं? बटणावरच्या चित्रांसह सगळ्याच चित्रांना शब्दांचा पर्याय द्या, हे वेबचे मानक ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १९९९च्या मार्गदर्शक तत्त्वांत पहिल्याच क्रमांकावर सांगितलं होतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या करारातही तंत्रज्ञान त्यांना वापरता यावं, असं नववं कलम आहे. नियम जुने आहेत. काम मागे पडलंय.

त्यात आता अर्ज फक्त ऑनलाइन भरायचे. समोर बसलेल्या माणसाला निदान विचारता यायचं. ओटीपीची मुदत टिकटिकत असते, आणि थरथरत्या हाताने आकडे टाकणाऱ्या आजोबांचीही तीच गत होते.

तुमच्यापैकी कुणी अ‍ॅप बनवत असाल, तर आज एवढं कराच. स्क्रीन रीडर सुरू करा, डोळे मिटा आणि तुमच्याच अ‍ॅपमध्ये एक अर्ज शेवटपर्यंत भरून पाहा. कोणतं बटण मुकं आहे, ते तुम्हाला लगेच कळेल. नमस्कार.