खडकात अडकलेलं तेल आणि कार्बन डायऑक्साइड

श्रोतेहो, नमस्कार. तेलक्षेत्र म्हातारं झालं असं म्हणतात, तेव्हा त्यातलं तेल संपलेलं नसतं. बहुतेक ठिकाणी निम्म्याहून जास्त तेल खालीच असतं. सुरुवातीला ते आपल्याच दाबानं वर येतं. दाब ओसरला की जमिनीत पाणी सोडून ते विहिरींकडे रेटतात. पुढे पुढे विहिरीतून निघतं ते बहुतांशी पाणीच. तेलाचे थेंब खडकाच्या केसाएवढ्या छिद्रांत अडकून बसतात आणि पाणी त्यांना बगल देऊन निघून जातं.

कार्बन डायऑक्साइडचं काम इथे सुरू होतं. तापमान 31 अंश सेल्सिअसच्या वर आणि दाब हवेच्या सुमारे 73 पटींच्या वर गेला, की तो धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही. घनता द्रवाच्या जवळची, वाहणं मात्र वायूसारखं. असा तो छिद्रात शिरून तेलात मुरतो. तेल फुगतं, पातळ होतं, जागचं हलतं. दाब पुरेसा असला तर दोघं इतके एकजीव होतात की त्यांच्यात सीमाच उरत नाही.

पण हा वायू सोपी वाट शोधतो. तेल मागे ठेवून तो थेट उपसा-विहिरीत पोचू नये, म्हणून आलटून पालटून पाणी आणि वायू सोडतात. तेलाबरोबर वर आलेला वायू वेगळा काढून पुन्हा खाली धाडतात. तो कोरडा ठेवावाच लागतो, कारण ओलावा मिळाला की त्याचं आम्ल होतं आणि पोलादी नळ खातं.

टेक्सासच्या स्करी काउंटीत 1972 साली हे मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. पुढे तिथल्या तेलक्षेत्रांसाठी कोलोरॅडोतल्या भूगर्भातून सुमारे 800 किलोमीटर नळानं वायू आणला गेला. म्हणजे जमिनीत सुखानं पडलेला वायू उपसून दुसऱ्या जमिनीत घातला! तेल वाढलं, हवेचं भलं काहीच झालं नाही. कॅनडातल्या वेबर्न तेलक्षेत्राची गोष्ट वेगळी. तिथे 2000 सालापासून अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातल्या, कोळशापासून जळाऊ वायू बनवणाऱ्या कारखान्याचा कार्बन डायऑक्साइड येतो. एरवी तो धुराड्यातून आकाशात गेला असता. मला दुसरी वाट पटते, पण तिचाही हिशेब पुरा मांडला पाहिजे. एक बॅरल तेल जाळलं की सुमारे 430 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो वगळून अशा तेलाला कुणी 'हरित' म्हणत असेल, तर ती फसवणूक आहे.

आणखी एक काळजी जुन्या विहिरींची. अशा क्षेत्राची जमीन दशकानुदशकं भोकं पाडून चाळण झालेली असते. बुजवलेल्या विहिरीतलं सिमेंट तडकलं, तर वायूला वर यायला वाट मिळते. म्हणून वायू सोडण्याआधी या विहिरी एकेक करून तपासल्या पाहिजेत. तेल संपल्यावरही देखरेख चालू राहावी आणि तिचा खर्च कोण उचलणार, हे परवान्यातच आधी लिहून घ्यावं.