भिगवणच्या होडीत दोन कॅमेरे

मंडळी, थंडीच्या पक्षीनिरीक्षण सहलीची नावनोंदणी सुरू झाल्यापासून मला जिन्यात, पार्किंगमध्ये, परवा तर भाजीच्या गाडीपाशी गाठून एकच प्रश्न विचारला जातोय: किती एक्सचा कॅमेरा घेऊ? म्हणून आजचं बोलणं. सुपरझूम (लेन्स अंगचीच, लांबचं खूप जवळ आणणारा) की डीएसएलआर (आरशाचा, लेन्स बदलता येणारा), ते सांगणारच आहे. पण आधी तुम्हाला होडीत बसवतो, कारण माझं म्हणणं मला तिथेच सापडलं.

जानेवारी महिना, भिगवणजवळ उजनी धरणाचा फुगवटा, कुंभारगावचा काठ. होडीत मी, माझी थोरली बहीण आणि नावाडी. माझ्या हातात डीएसएलआर आणि त्यावर ७०-३०० मिलिमीटरची लेन्स. ताईकडे भाच्याने घेऊन दिलेला निकॉनचा पी ९००, २०१५ मध्ये आलेला, ८३ एक्सवाला. ताई चाळीस वर्षं पक्षी बघतेय. कॅमेरा तिच्या लेखी वहीसारखा, पाहिलं ते टिपून ठेवायला.

पलीकडच्या चिखलाच्या पट्टीवर पट्टकादंबांचा थवा बसला होता. डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून येणारे हंस. नावाडी वल्हं थांबवून म्हणाला, "ताई, कडंच्या त्या हंसाच्या गळ्यात पट्टा हाय बघा." मला नुसता ठिपका दिसत होता. त्या माणसाचे डोळे ही एक वेगळीच चीज आहे. या लोकांचा बराच जन्म मासे धरण्यात गेलाय, आपण त्यांना नुसतं 'होडीवाला' म्हणतो हे मला पटत नाही.

आता, मंगोलियात अभ्यासक या हंसांच्या गळ्यात अक्षर-आकड्यांची पट्टी घालतात. ती वाचता आली की तो एक पक्षी कुठून निघून कुठे पोचला हे कळतं. मी धडाधड तीसेक फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठं करून पाहिलं तर गळ्यापाशी नुसता रंगाचा डाग. ताईने होडीच्या कडेवर कोपर टेकवलं, श्वास धरला, झूम पूर्ण ताणला. पहिले दोन फोटो हलले. तिसऱ्यात अक्षर दिसलं, पण शेवटचा आकडा पिसाखाली गेलेला. "थांब रे जरा," म्हणाली. हंसाने मान वळवेपर्यंत आम्ही तिघं हललो नाही. आणि मग तो आकडाही आला. स्वच्छ. ताईने तो पेन्सिलीने हाताच्या पंजावर लिहून घेतला, वही पिशवीत होती म्हणून.

मी तेव्हा हादरलो होतो. आम्ही सगळे एकमेकांना सांगत आलोय की डीएसएलआरचा सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा भाग, मोठा, म्हणून फोटो चांगला. सेन्सर मोठा आहेच. माझ्या कॅमेऱ्याचा सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर, ताईचा ६.२ गुणिले ४.६. क्षेत्रफळात तेरापट फरक. मग पट्टी तिलाच का वाचता आली?

रात्री मुक्कामी कागद घेऊन बसलो. जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मापात ३०० मिलिमीटरची लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर ४५० सारखी दिसते, ताईची २००० सारखी. म्हणजे तिच्या चौकटीत तोच हंस साडेचारपट मोठा. मी माझा २४ मेगापिक्सेलचा फोटो तेवढा कातरला तर हातात उरतात जेमतेम सव्वा मेगापिक्सेल, तिच्याकडे पूर्ण १६.

एवढं तरी सगळ्यांना माहीत असतं. खरी मेख पुढे आहे, आणि ती मला तुमच्या मनावर बिंबवायची आहे. लेन्सची खरी फोकल लेंथ, म्हणजे तिच्यावरचा मिलिमीटरचा आकडा, घ्या आणि तिला शेजारी लिहिलेल्या एफच्या आकड्याने भागा. जे येतं ते प्रकाश आत शिरायच्या तोंडाचा व्यास. ताईचा कॅमेरा: खरी फोकल लेंथ ३५७, एफ ६.५, उत्तर ५५ मिलिमीटर. माझी लेन्स: ३००, एफ ६.३, उत्तर ४८. लांबच्या हंसाकडून येणारा प्रकाश कोण जास्त गोळा करतं, तर ताईचा 'छोटा' कॅमेरा! पक्षी लांब असेल आणि चौकट भरत नसेल, तर माझा मोठा सेन्सर पक्ष्याभोवतीचा चिखल टिपतो.

आणि हा एक्स? एक्स म्हणजे लांबचा आकडा भागिले जवळचा आकडा, २००० भागिले २४. तो पल्ला सांगत नाही, नुसतं गुणोत्तर सांगतो. काही लाखांची, झूम न होणारी ५०० मिलिमीटरची लेन्स या हिशेबाने १ एक्स! एका दुकानात माझ्या शेजाऱ्यांना "हा ६० एक्स, तो फक्त ३ एक्स" असं सांगून विकताना मी ऐकलंय, आणि उलट दुसऱ्या एकाला डीएसएलआरसोबत १८-५५ ची, जवळच्या पल्ल्याची लेन्स देऊन "पक्ष्यांसाठी उत्तम" म्हणून पाठवलंय. तो माणूस नवीन कॅमेरा घेऊन सहलीला आला आणि दिवसभरात रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) गुलाबी ठिपके घेऊन परतला. याचा मला मनापासून राग येतो.

यातून आणखी एक वाईट गोष्ट घडते, आणि सहलीआधी ती बोललीच पाहिजे. पल्ला कमी पडला की माणसं नावाड्याला म्हणतात, "अजून जवळ घ्या." थवा उडतो, कुणाला उडतानाचा फोटो मिळतो, आणि चिखलात खायला उतरलेला पक्षी उपाशी उठतो. आपल्या सहलीत हे चालणार नाही.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. आता भराभर सांगतो.

डीएसएलआर कुठे जिंकतो? दुसऱ्या दिवशी पहाटे कवड्या खंड्या होडीजवळच पाण्यावर एका जागी फडफडत थांबला आणि खाली सुटला. ताईचा कॅमेरा फोकससाठी पुढे-मागे चाचपडत राहिला, कारण तो प्रतिमा किती रेखीव झाली हे पुन्हापुन्हा तपासत जातो. माझ्यात वेगळा संवेदक आहे, फोकस कुठल्या दिशेला आणि किती चुकलाय हे तो एका मापात ओळखतो. शिवाय मी आरशातून थेट पक्षी बघत होतो, ती पडद्यावरचं चित्र. खंड्या मला मिळाला, तिला त्याने उडवलेलं पाणी. पक्षी जवळ असला, चौकट भरली, उजेड कमी असला, की तो तेरापट सेन्सर कामी येतो. पी ९०० मध्ये रॉ फाइल, म्हणजे नंतर सुधारायला सोपी कच्ची फाइल, मिळत नाही हेही लक्षात ठेवा. २०१८ च्या पी १००० मध्ये मिळते, पण तो जवळपास दीड किलोचा आहे.

दोन्ही हवं असेल, तर २००-५०० एफ ५.६ सारखी लेन्स. भागाकार करा: ८९ मिलिमीटर, आणि प्रकाश व्यासाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताईच्या अडीचपट प्रकाश. पण वजन लेन्सचंच २३०० ग्रॅम, बॉडीसकट तीन किलो. ताईचा कॅमेरा ८९९ ग्रॅम. ताई सत्तरीत आहे, ती तीन किलो उचलणार नाही, आणि जो कॅमेरा घरी राहिला त्याने पट्टी वाचता येत नाही.

म्हणून माझं उत्तर. पक्षी ओळखायचाय, नोंद ठेवायची आहे, खांद्याला झेपायला हवं: सुपरझूम, बिनदिक्कत. उडते पक्षी, पहाट-संध्याकाळ, मोठे छापील फोटो: डीएसएलआर, पण लेन्सचे पैसे आधी बाजूला काढून. नवीन मॉडेल आता बहुतेक मिररलेसच, म्हणजे बिनआरशाची, येतात, त्यामुळे वापरलेले डीएसएलआर स्वस्तात मिळतात. घेताना शटर किती वेळा उघडलंय ते विचारा. १८-५५ घेऊन पक्ष्यांसाठी निघू नका. आणि दुपारी पाण्यावर हवा थरथरायला लागली की कुठलाच कॅमेरा उपयोगी नाही, तेव्हा जेवून घ्या.

प्रश्न चहाच्या वेळी विचारा. ताईचा कॅमेरा मी मुद्दाम मागून आणलाय, टेबलावर ठेवलाय, बॅटरी भरलेली आहे. मागच्या खिडकीतून रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी दिसते. तिच्यावरचा फोन नंबर दोन्ही कॅमेऱ्यांनी वाचून बघा, आधी ताईच्याने.