शहात्तर दिवसांची रिकामी टाकी

टाकीचे दिवे लागण्यापूर्वीची ही वेळ आहे. न्यू जर्सीतल्या एका घराच्या तळघरात ४५० लिटर खाऱ्या पाण्याची ही टाकी अजून अंधारात आहे आणि विजेरीचा झोत खडकाच्या कपारीत झोपलेल्या पिवळ्या टँगवर येऊन थांबला आहे. रात्री या माशाचा रंग फिका पडतो आणि कुशीवर पांढरा पट्टा उमटतो; ती त्याची नेहमीची झोपेची खूण आहे. परंतु त्याच्या छातीच्या पराकडे नीट पाहा. त्या पातळ पडद्यावर रव्याच्या कणाएवढे तीन पांढरे ठिपके आहेत, आणि आठवड्यापूर्वी ते या टाकीतल्या एकाही माशावर नव्हते.

मत्स्यालय जोपासणारे या रोगाला ‘इच’ म्हणतात. तो ज्याच्यामुळे होतो त्या परजीवीचे शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स असे आहे. ज्या १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, त्याच वर्षी ब्राउन या संशोधकाने लंडनमध्ये या जीवाला हे नाव दिले. सूक्ष्मदर्शकाखाली आता जो करडा गोळा संथपणे स्वतःभोवती फिरताना दिसतो आहे, तो हाच जीव. त्याच्या सर्वांगावर बारीक केसांची झालर आहे, आणि त्या झालरीच्या हालचालीनेच तो गोल गोल फिरतो. तो माशाच्या कातडीवर बसलेला नसून कातडीच्या वरच्या थराखाली शिरलेला आहे आणि तिथल्या पेशींवर जगतो आहे. पाण्यात औषध ओतले तरी ते या जागी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, ही गोष्ट पुढच्या सगळ्या उपायांच्या मुळाशी आहे.

माशाच्या अंगावर तो साधारण ३ ते ७ दिवस राहतो. पोट भरले की तो माशाला सोडतो, आणि बहुधा अंधार असतानाच सोडतो. मग काही तास तो वाळूवर, खडकावर किंवा काचेवर सरपटतो आणि एखादी जागा धरून स्वतःभोवती टणक कोष तयार करतो. या कोषात तो विभागत जातो आणि एका कोषातून २०० पर्यंत पिल्ले बाहेर पडू शकतात. बहुतेक कोष ३ ते २८ दिवसांत फुटतात, आणि तेही पुन्हा अंधारातच. बाहेर पडलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो. तो सापडला नाही तर ते मरते. समुद्रात यातली बहुतेक पिल्ले अफाट पाण्यात विखुरली जातात. इथे मात्र चार काचांमध्ये तेच मासे रोज रात्री त्याच कपारीत झोपायला येतात, आणि कोष त्यांच्या अंथरुणातच फुटतात.

म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी मासा स्वच्छ दिसू लागला, तर त्याचा अर्थ रोग गेला असा होत नाही. परजीवी एवढ्या काळात माशावरून वाळूत उतरलेला असतो. नेमक्या याच दिवसांत अनेक जण ‘कोरलला निर्धोक’ असे लिहिलेली बाटली टाकीत ओततात, ठिपके गेलेले पाहतात आणि गुण आला असे समजून निश्चिंत होतात. दोन आठवड्यांनी ठिपके पुन्हा येतात, आणि तेव्हा ते तीन नसतात. अतिनील दिव्याने पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांची संख्या घटते, पण कोष तसेच राहतात. आता माशाच्या अंगावरून फिरताना दिसणारी ही स्वच्छक कोळंबी कितीही देखणी असली, तरी तिचे चिमटे कातडीखाली पोहोचत नाहीत. परजीवीला खरोखर मारणारे तांबे कोरल, कोळंबी आणि गोगलगायी यांनाही मारते, शिवाय खडकात मुरून बसते. त्यामुळे या टाकीत तांब्याचा थेंबही टाकता येत नाही. उपाय एकच उरतो. सगळे मासे बाहेर काढायचे, ठिपके असलेले आणि नसलेलेही.

त्यासाठी टाकीचे मालक पाच वर्षे रचत आणलेला हा खडक एकेक करून उचलत आहेत. मूळचे रत्नागिरीचे असलेले हे गृहस्थ कोपरापर्यंत पाण्यात हात घालून जवळजवळ चार तास उभे आहेत. टँगच्या शेपटीच्या मुळाशी असलेला धारदार काटा जाळीत अडकतो आणि मासा जखमी होतो. म्हणून त्यांच्या हातात जाळीऐवजी स्वयंपाकघरातली प्लास्टिकची चाळणी आहे. सात मासे बाहेर निघाले. त्यांपैकी दोन वाचले नाहीत.

पुढची दृश्ये दोन पांढऱ्या टबांची आहेत. टबात वाळू नाही, खडक नाही; लपण्यासाठी पीव्हीसी पाइपाचे तुकडे, पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड आणि हीटर एवढेच आहे. भल्या पहाटे मासे पहिल्या टबातून दुसऱ्या टबात जातात. नव्या टबातल्या पाण्याचे तापमान आणि खारटपणा आधीच जुन्याशी जुळवून ठेवलेला असतो, आणि माशाबरोबर शक्य तेवढे कमी पाणी पलीकडे नेले जाते. रात्री माशावरून गळलेले परजीवी जुन्या टबाच्या तळाशी राहून जातात, त्यांचे कोष फुटण्याआधी तो टब रिकामा होतो, धुतला जातो आणि पूर्ण कोरडा केला जातो. कोरडेपणा या जीवाला सोसत नाही. बहात्तर तास उलटण्याच्या आत पुन्हा बदली, अशा चार बदल्या झाल्या. मखमली रोग (माशांचा दुसरा एक रोग) घडवणाऱ्यासारखा दुसरा परजीवी असता तर ही रीत पुरली नसती आणि वेगळ्या टाकीत मोजूनमापून तांबेच द्यावे लागले असते. पण इचसाठी औषधाचा एकही थेंब न वापरता मासे मोकळे करणारी ही पद्धत आम्हाला सर्वांत विवेकी वाटते.

तिकडे मोठ्या टाकीत मासा नाही. काही कोष ७२ दिवसांनंतर फुटल्याची नोंद आहे, म्हणून थोडे अधिक धरून ७६ दिवस ती तशीच ठेवायची आहे. दिवे वेळेवर लागतात, कोरलना खाद्य मिळते, गोगलगायी काच खरवडतात. टबातली चाळणी इथे येत नाही आणि ओला हात एकीकडून दुसरीकडे जात नाही. रात्री निळ्या प्रकाशात कोरल आपले स्पर्शक पसरतात, ते हे दृश्य ४१ व्या रात्रीचे आहे.

हे सगळे एका पावडर ब्लू टँगमुळे सुरू झाले. हिंदी महासागरातला हा मासा इचला फार लवकर बळी पडतो. दुकानातून आणला त्या संध्याकाळी तो ताजातवाना दिसत होता आणि तासाभरात थेट टाकीत सोडला गेला. क्वारंटाइनची टाकी तेव्हा कोपऱ्यात पालथी पडून होती, असे मालक कॅमेऱ्यासमोर स्वतःच सांगतात.

७६ वा दिवस. क्लाउनफिशची जोडी आधी सोडली जाते आणि सरळ आपल्या अ‍ॅनिमोनकडे, म्हणजे ती जिच्या आसऱ्याला राहते त्या समुद्रफुलाकडे, वळते. त्यानंतर पिवळा टँग. खडकांची रचना आता बदलली आहे. तो दोन फेऱ्या मारतो आणि तिसऱ्या फेरीत एका नव्या कपारीपाशी थांबतो.

कोपऱ्यातली ती छोटी टाकी आता सरळ उभी असून पाण्याने भरलेली आहे. आत कालच आणलेला रॅस जातीचा मासा आहे, आणि काचेवरच्या चिकटपट्टीवर मार्करने त्याच्या येण्याची तारीख लिहिली आहे.