गाळाची चौकशी करणारे मास्तर

मंडळी, निअँडरथल मानवाची, म्हणजे हिमयुगातल्या, आता नामशेष झालेल्या मानवाची गोष्ट बहुतेक जण कवटीपासून सुरू करतात. मी गुहेतल्या गाळापासून करणार आहे. योहान कार्ल फुलरॉट या शाळामास्तरांचं खरं काम मला त्या गाळातच दिसतं.

ऑगस्ट १८५६. जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळ ड्युसेल नदीच्या निअँडरथल नावाच्या अरुंद घळीत चुनखडीच्या खाणी चालू होत्या. कड्यात, तळापासून वीसेक मीटर उंचावर, एक लहानशी गुहा होती. तिच्यातला चिकट गाळ दोन मजूर उपसून खाली लोटत होते. गाळात हाडं निघाली, तीही खाली गेली. गुहेतल्या अस्वलाची असतील, असा समज झाला. मालकांनी जेवढी सापडली तेवढी बाजूला ठेवायला लावली आणि जवळच्या एल्बरफेल्ड गावच्या फुलरॉट मास्तरांना कळवलं.

मास्तरांनाच का? फुलरॉट मूळचे लाइनफेल्डचे, जन्म १८०३चा. आईबाप लहानपणीच गेले, पाद्री असलेल्या काकांनी वाढवलं. बॉनला शिकले आणि १८३० पासून एल्बरफेल्डच्या शाळेत गणित आणि निसर्गविज्ञान शिकवू लागले. पण शाळा सुटली की हा माणूस रानात. त्या भागातले खडक, वनस्पती, गुहा यांचा त्यांना नादच होता. १८४६ मध्ये त्यांनी गावात निसर्ग-अभ्यासकांचं एक मंडळही काढलं. तेव्हा पंचक्रोशीत काही विचित्र जमिनीतून निघालं, तर दाखवायचं कुणाला हे लोकांना ठाऊक होतं.

हाडं माणसाची आहेत हे त्यांनी लगेच ओळखलं. कवटीचा वरचा भाग जाड, भुवयांवर उंचवटे, कपाळ मागे उतरलेलं. डाव्या कोपराला जुनी, वेडीवाकडी भरलेली जखम. असा माणूस आज कुठे दिसत नाही, हेही त्यांना कळलं. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी मजुरांना विचारलं: हाडं किती खोल होती? कशी पडली होती? गाळाचा थर सलग होता का? डोकं गुहेच्या तोंडाकडे होतं आणि बाकीची हाडं त्याच पातळीत आडवी होती, असं मजुरांनी सांगितलं. आणि हा गाळ मास्तरांच्या ओळखीचा होता! आसपासच्या पठारावर तसलाच हिमयुगातला थर त्यांनी पाहिला होता. म्हणजे माणूसही तितकाच जुना.

बॉनचे शरीरशास्त्रज्ञ शाफहाउझेन यांची साथ मिळाली आणि जून १८५७ मध्ये दोघांनी बॉनच्या निसर्ग-इतिहास मंडळापुढे हा शोध मांडला. १८५९ मध्ये फुलरॉट यांचा लेख छापला गेला, पण संपादकांनी खाली तळटीप घातली की ही मतं आम्हाला मान्य नाहीत. त्यात त्या काळचा सगळा रुबाब दिसतो. मग बॉनचेच शरीरशास्त्रज्ञ मायर म्हणाले, हा १८१४ मधला रशियन फौजेचा कोसॅक, म्हणजे घोडेस्वार, असावा, मांड्या घोड्यावर बसून वाकलेल्या. मरणारा कोसॅक एवढा कडा चढून गाळाखाली कसा गेला, हे काही त्यांनी सांगितलं नाही. जीवशास्त्रज्ञ हक्सलेंनी इंग्लंडमधून या तर्काची चांगलीच टर उडवली. १८७२ मध्ये तर नामांकित रोगशास्त्रज्ञ खुद्द फिरखो यांनी हाडांत आजाराच्या खुणा दाखवल्या. त्यांच्या शब्दापुढे जर्मनीत कुणाचं काय चालणार! ही मोठी माणसं हाडांवर बोलत राहिली, गाळाचं उत्तर मात्र कुणी दिलं नाही. फिरखोंच्या आधीच, १८६४ मध्ये, भूशास्त्रज्ञ विल्यम किंग यांनी या मानवाला स्वतंत्र जातीचं नाव दिलं होतं.

फुलरॉट शाळा आणि गुहा दोन्ही सांभाळत राहिले. १८६९ मध्ये ऱ्हाइनलँड-वेस्टफालियातल्या गुहांवर त्यांचं पुस्तक आलं. १८७७ मध्ये ते वारले. बेल्जियममधल्या स्पी इथे तसलेच सांगाडे निघाले ते १८८६ मध्ये, म्हणजे नऊ वर्षं उशिरा.

एक रुखरुख मात्र राहतेच. खाली लोटलेला ढीग मास्तरांनी चाळायला हवा होता. पुढे खाणीने गुहाच काय, अख्खा कडा खाल्ला आणि जागा नेमकी कुठली हेही विसरलं गेलं. १९९७ मध्ये श्मिट्झ आणि टिसन या पुरातत्त्वज्ञांनी जुने कागद धुंडाळून तो टाकाऊ गाळ शोधला. त्यात हाडाचा एक तुकडा मिळाला, तो मूळ सांगाड्याच्या डाव्या मांडीच्या हाडाला गुडघ्यापाशी नेमका बसला. २००० मध्ये गालाच्या हाडाचा तुकडा सापडला, तो मास्तरांच्या हाती आलेल्या कवटीला जुळला. शिवाय दुसऱ्या एका निअँडरथलची हाडंही त्याच गाळात होती.