विजोड बैठक

नमस्कार, श्रोतेहो.

दसरा-दिवाळी जवळ आली की घराघरांत नव्या सोफ्याचे बेत शिजायला लागतात. तीन अधिक एक अधिक एक असा सेट, त्याच पॉलिशचा टीपॉय, त्याच रंगाचे पडदे. खोली शोरूमसारखी दिसते, आणि दर पाडव्याला पाहुण्यांसमोर तिचं कौतुक स्वतःलाच करावं लागतं! माझं मत विचाराल तर सेट घेऊच नका. आजोबांची आरामखुर्ची, इराण्याच्या हॉटेलात असते तशी गोल पाठीची खुर्ची, एखादा नवा सोफा, सगळं खुशाल एका खोलीत येऊ द्या. लाकूड जुळलं नाही तरी चालेल, रंग आणि वयही जुळायला नको.

उंची मात्र सांभाळा. विजोड बैठक फसते ती बहुधा इथेच. सोफ्याची बैठक साधारण सोळा ते अठरा इंचांवर असते, इराणी खुर्चीचीही अठराच्या आसपास. म्हणजे या दोघींचं छान जमतं. पण शेजारी जमिनीवर गादी टाकलीत, की गादीवरचे काका सारा वेळ मान वर करून खुर्चीतल्या जावयाशी बोलणार. गादी हवीच असेल तर तिच्यासाठी वेगळा कोपरा करा आणि सगळ्यांनीच खाली बसा. आरामखुर्चीचंही तेच. तीत माणूस मागे रेलतो आणि गप्पांतून बाहेर पडतो. तिला खिडकीशी ठेवा, पेपर वाचायला.

टीपॉय म्हणून जुना पेटारा ठेवायची हौस अनेकांना असते. दिसतो झकास, पण त्याच्याखाली पाय सरकवायला जागा नसते. सोफ्यापासून दीड फूट तरी लांब ठेवा, नाहीतर गुडघे आपटतात.

आता त्या गोल पाठीच्या खुर्चीविषयी थोडं. तिचा मूळ नमुना व्हिएन्नाच्या मायकेल थोनेटचा, 1859 सालचा. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवलेलं. अख्खी खुर्ची लाकडाच्या सहा तुकड्यांची, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे भाग करून एका घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत, म्हणूनच ती जगभर पोचली.

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत चोरबाजारात किंवा ओशिवऱ्याला अशी खुर्ची दिसली, तर आधी उलटी करा. पायांशी बारीक भोकं असतील आणि टिचकी मारल्यावर पिठासारखा भुसा गळला, तर कीड अजून जिवंत आहे. ती घरात आणू नका, शेजारचं कपाटही जाईल. बसल्यावर नुसती डुगडुगली तर घाबरू नका, बहुतेक वेळा स्क्रू आवळले की भागतं. वेताची जाळी फाटली असेल तर ती पुन्हा विणून मिळते. तेवढी मजुरी भाव करतानाच कमी करून घ्या.